बोलल्यावर पहिलं वाक्य काय येतं

मागच्या शनिवारी आमच्या प्रॉडक्शनच्या दादांनी साहेबांना, म्हणजे मालकांना, तोंडावर सांगितलं की ६३ टनी प्रेसचा (पत्रा दाबून पार्ट काढणारं मशीन) सेफ्टी सेन्सर बायपास करून, म्हणजे बंद ठेवून, मी सेकंड शिफ्ट लावणार नाही. सोमवारी डिस्पॅच होता, आमचा ब्रॅकेट वेळेत गेला नसता तर कस्टमरची लाईन थांबली असती आणि मग डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे आमच्या बिलातून कापणार, हे दादांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. तरी बोलले. केबिनमध्ये आम्ही पाच जण, चहा येऊन पडलेला आणि कोणी कप उचलेना. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारलं, "सेन्सरवाला लवकरात लवकर कधी येईल?"

बास, एवढंच. पण मला घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं, कारण हेच दादा चार वर्षांपूर्वी ह्याच प्रेसबद्दल गप्प बसले होते. माणूस तोच, साहेब तेच, प्रेस पण तीच, मग मधे बदललं काय? ते लिहून काढायचं म्हणून आज गुरुवारची सुट्टी सत्कारणी लावतेय (भोसरीत आमची सुट्टी गुरुवारची असते, बाहेरच्यांना नेहमी प्रश्न पडतो).

आधी आमच्याबद्दल थोडं. मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये चौदा वर्षं अकाउंट्स बघते. अकाउंट्स म्हणजे आमच्याएवढ्या कंपनीत पगार, पीएफ, ईएसआय, जीएसटी, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, नवीन मुलाचे कागद, सगळं एकाच टेबलावर. बावन्न माणसं आहेत, टर्नओव्हर अठरा कोटींच्या आसपास. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा १०० कोटी टर्नओव्हरपर्यंत गेलीय, त्यामुळे कागदावर आम्ही आणि आमच्या पाचपट मोठी कंपनी एकाच गटात, पण तिथे एचआरचा वेगळा माणूस असतो आणि आमच्याकडे मी असते, हा फरक लहान नाही. मॅनेजर म्हणाल तर आम्ही चार, प्रॉडक्शनचे दादा, क्वालिटीवाला, परचेस-स्टोअर बघणारे काका आणि मी. वर फक्त साहेब. आणि आठवड्यातून दोनदा वहिनी येतात, त्या पण डायरेक्टर आहेत.

म्हणजे आमच्याकडे "वरिष्ठांकडे तक्रार करा" ह्याला काही अर्थच नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं, ज्याच्याशी बोलायचं आणि जो पगार देतो तो माणूस एकच. मोठ्या कंपन्यांना कायद्याने व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकाराची तक्रार न घाबरता करता येईल अशी सोय, ठेवावी लागते, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ मध्ये ते आहे, पण ते लिस्टेड कंपन्यांना, लोकांकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँकांकडून ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्यांना. आम्ही त्यात कुठेच नाही. आणि मॅनेजर म्हटलं की कामगार कायद्याची छत्री पण डोक्यावरून जाते. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, ज्याच्यावर आमची सगळी पिढी वाढली, त्यात कामगाराच्या व्याख्येतून मॅनेजरचं काम करणारा सरळ बाहेर होता. ऑपरेटरला काढलं तर तो निदान लेबर कोर्टाची पायरी चढू शकत होता, दादांना काढलं असतं तर ते कुठे गेले असते? उलट २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट, १९४८ च्या कलम ९२ मध्ये काही चुकलं तर ऑक्युपायर (म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात तो, आमच्याकडे साहेब) आणि मॅनेजर दोघंही दोषी धरले जायचे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लायसन्सवर मॅनेजर म्हणून नाव दादांचं. जबाबदारी कायद्याने दिलेली आणि आवाज साहेबांच्या मूडवर अवलंबून, असं ते आहे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण गप्प बसण्यात मी दादांच्या पुढेच होते.

ऑगस्ट २०१९. ऑटोमध्ये मंदी होती, आठवत असेल, कस्टमरची मागणी निम्म्यावर आली होती आणि सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा) पूर्ण वापरून झालेली. पीएफची तारीख १५, आणि साहेब म्हणाले आपण हा महिना पुढे ढकलू, आधी स्टीलवाल्याला देऊ. मी तिथल्या तिथे म्हणाले की सर आपण मुलांच्या पगारातून कापलेत ते पैसे, ते आपले नाहीयेत. केबिनमध्ये तेव्हा स्टीलवाल्याचा माणूस बसला होता, काका होते, आणि वहिनी पण. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आकडे बघा, धंदा मी बघतो."

आवाज पण चढवला नाही त्यांनी. पण ते वाक्य माझ्या आत जे जाऊन बसलं ते बसलंच. त्या वर्षात चार महिने पीएफ उशिरा गेला आणि मी दर वेळी मुकाट्याने चलन बनवून ठेवलं आणि पैसे आले की भरलं. वाईट वाटायचं, पगाराच्या स्लिपा वाटताना मुलांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. पण बोलले नाही. आणि नुसतं पीएफबद्दल नाही, त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी कशाबद्दलच आपणहून बोलले नाही, विचारलं तर उत्तर द्यायचं आणि सहाला बॅग उचलायची.

बाहेरून बघणारा म्हणेल बाई घाबरली. नोकरी जाईल अशी भीती मला फारशी नव्हती, अकाउंट्सवाल्याला भोसरीत काम मिळतं. मला असं झालं होतं की बोलून होणार काय? आपण बोललो, तोंडावर पडलो, आणि झालं तेच झालं, मग परत कशाला. भीतीपेक्षा हे जास्त वाईट असतं असं मला वाटतं, कारण भीती गेली की माणूस बोलायला लागतो, पण उपयोग नाही हे एकदा मनाने धरलं की दार सताड उघडं असलं तरी तो आत जात नाही.

दादांचं वेगळं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

२०२१ मध्ये पेटी कॅशची व्हाउचर्स लावताना एक चिठ्ठी दिसली, ड्रेसिंग, ३५० रुपये, दवाखान्याचा शिक्का. तारीख तीन आठवडे आधीची. मी दादांना विचारलं हे कोणाचं, तर आधी टाळलं आणि मग सांगितलं की सेकंड शिफ्टला एका मुलाचा हातमोजा डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) अडकला, बोटं थोडक्यात वाचली, नुसतं सोललं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, म्हणजे हात डायच्या बाहेर राहतात. त्या मुलाने प्रॉडक्शन काढायला एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलं होतं, आणि सेन्सर आधीपासून बायपास, कारण तो उगाच ट्रिप होऊन मशीन थांबवायचा. दादांना दोन्ही माहीत होतं. साहेबांना एकही नाही.

मी म्हटलं दादा सांगितलं का नाही साहेबांना? ते म्हणाले, "मॅडम, मुलीची फी साहेबांनी भरलीय."

दीड लाख रुपये, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला, साहेबांनी स्वतःच्या खिशातून दिले होते, एक कागद न करता, परत कधी द्यायचे ते न बोलता. साहेबांच्या मनात त्याचं काही नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन, तसे ते आहेतच, माझ्या आईच्या ऑपरेशनला रात्री अकराला हॉस्पिटलमध्ये येऊन उभे राहिलेले मी पाहिलेत. पण दादांच्या मनात ते मीठ होतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला "तुमचं प्रेस शॉप धोक्याचं आहे" असं कुठल्या तोंडाने सांगायचं, आणि ते पण अशा वेळी जेव्हा सगळ्यांना माहितीय की साहेबांचा स्वतःचा फ्लॅट बँकेकडे तारण आहे. छोट्या कंपनीत लोक मालकाला घाबरून गप्प बसतात हे अर्धंच खरं आहे. बरेच जण मालकाची दया येऊन, उपकाराखाली दबून, "त्यांना आधीच कमी टेन्शन आहे का" असं म्हणून गप्प बसतात. आणि ते गप्प बसणं चांगुलपणाचं वाटतं म्हणून सुटायला जास्त अवघड.

बरं, दादांनी त्याआधी कधी बोलून बघितलंच नव्हतं असंही नाही. एकदा त्यांनी स्क्रॅपच्या वजनात गडबड होतेय असं सांगितलं होतं, तर साहेब म्हणाले बरोबर आहे, आजपासून स्क्रॅप तुम्हीच बघा. झालं. शिफ्ट सांभाळून हा माणूस दर आठवड्याला वजनकाट्यावर दोन तास उभा. जो बोलेल त्याच्याच गळ्यात काम, हा आमच्यासारख्या कंपन्यांतला न लिहिलेला नियम आहे आणि माझ्या मते भीतीखालोखाल सगळ्यात जास्त तोंडं ह्यानेच बंद होतात. मालकाला वाटतं मी विश्वास टाकला, आणि माणसाला वाटतं मला शिक्षा झाली.

मग ऑक्टोबर २०२२ आला. १२ तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला की कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ-ईएसआयचा पैसा ठरलेल्या तारखेला भरला नाही तर मालकाला इन्कम टॅक्समध्ये तो खर्च म्हणून कधीच मिळणार नाही, नंतर भरला तरी नाही. तोपर्यंत मुंबई हायकोर्टासकट बऱ्याच हायकोर्टांचं म्हणणं होतं की रिटर्नच्या तारखेच्या आत भरलं तर चालतं, आणि आमचे सीए त्याच भरवशावर आमची इन्कम टॅक्सची केस लढवत होते. त्यांचा फोन आला. चार महिन्यांचे तीन लाख चाळीस हजार उत्पन्नात धरले जाणार, टॅक्स आणि त्यावरचं व्याज, शिवाय पीएफ ऑफिसचं १२ टक्के व्याज आणि डॅमेजेस (उशिराचा दंड) वेगळे.

साहेबांनी मला बोलावलं. एकटीलाच.

"मॅडम, हे असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं?"
"निकाल असा येईल हे नव्हतं माहीत. पण उशीर करू नये हे माहीत होतं."
"मग सांगितलं का नाही?"
"सांगितलं होतं सर. ऑगस्ट २०१९ ला. इथेच."

त्यांना आठवलं, ते चेहऱ्यावर दिसलं. काही बोलले नाहीत, मी उठून बाहेर आले आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मी रेझ्युमे अपडेट केला. दुसऱ्या दिवशी साडेनऊला ते माझ्या टेबलापाशी आले, केबिनमध्ये बोलावलं नाही, स्वतः आले, काका आणि स्टोअरचा मुलगा तिथेच होते, आणि म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बरोबर होता आणि मी चार लोकांत तुम्हाला गप्प केलं. चुकलं माझं. अजून काय काय आहे जे तुम्ही मला सांगत नाही?"

चार लोकांत गप्प केलं होतं आणि चार लोकांतच चूक मान्य केली. केबिनमध्ये बोलावून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण काकांनी ते ऐकलं नसतं, आणि काकांनी ऐकलं म्हणून संध्याकाळपर्यंत दादांपर्यंत गेलं. त्या एका वाक्याने जेवढं काम केलं तेवढं "माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे" ह्या पाटीने दहा वर्षांत केलं नसतं.

मी लगेच भडाभडा बोलले असं मात्र झालं नाही. एकच छोटी गोष्ट सांगून बघितली, की ॲडव्हान्स तुम्ही खिशातून देता ते कंपनीतून देऊया, कागद करू, पगारातून ठरलेला हप्ता कापू, स्लिपवर दाखवू. कारण मी दादांचं नाव न घेता त्यांची सुटका करायचा रस्ता शोधत होते. साहेबांना आधी आवडलं नाही, म्हणाले एवढं काय परकं समजायचं. मी म्हटलं सर, परकं नाही, हलकं. महिनाभराने केलं त्यांनी. दादांच्या दीड लाखाचे हप्ते सुरू झाले, महिना चार हजार. तिसरा की चौथा हप्ता कापल्यावर दादा आपणहून मला म्हणाले की बटणांच्या टेपचं मी साहेबांना सांगणार आहे. आणि सांगितलं. उपकार होता तोवर जीभ उचलत नव्हती, तो व्यवहार झाला तेव्हा उचलली.

तेव्हापासून शनिवारी चार वाजता आम्ही बसतो, चार मॅनेजर आणि साहेब, अर्धा तास. त्यात काही मोठं तंत्र नाही. साहेब सगळ्यात शेवटी बोलतात, हे क्वालिटीवाल्याने सुचवलं, कारण ते आधी बोलले की आमची सगळ्यांची मतं आपोआप तीच व्हायची. ते "काही प्रॉब्लेम?" असं विचारत नाहीत, त्याला उत्तर "नाही सर" हेच असतं. ते विचारतात ह्या आठवड्यात कशाला वेळ गेला, काय दोनदा करावं लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सांगितलं त्याचं पुढच्या शनिवारपर्यंत उत्तर मिळतंच, होय किंवा नाही, आणि नाही असेल तर का. मला बऱ्याचदा नाही मिळालंय. ऑफिसला दुसरा प्रिंटर मागितला, नाही. मुलांना दिवाळीआधी ओव्हरटाईमचा फरक द्या म्हटलं, तेव्हा त्यांनी बँकेचा हप्ता आणि येणी कागदावर मांडून दाखवली, आणि नाही. पण कारणासकट मिळालेलं नाही पचतं, पुढच्या वेळी परत बोलता येतं. उत्तरच आलं नाही की माणूस संपतो.

आणि जो बोलेल त्याच्या गळ्यात हे बंद. काम कोणाचं ते वेगळं ठरतं.

सुरुवातीला एक झालं, दोन महिन्यांत क्वालिटीच्या रजिस्टरला रिजेक्शन जवळजवळ दुप्पट दिसायला लागलं आणि साहेब हबकले, म्हणाले बोलायला दिलं तर काम बिघडलं की काय. क्वालिटीवाल्याने समजावलं की पार्ट आधी पण खराब निघत होते, ते गुपचूप घासून पाठवले जायचे, आता लिहिले जातात. नंतर त्याने कुठल्याशा ट्रेनिंगमधली गोष्ट सांगितली, हार्वर्डच्या एमी एडमंडसन म्हणून आहेत, त्यांनी नव्वदीच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधाच्या चुका मोजल्या तर चांगल्या टीममध्येच जास्त चुका नोंदलेल्या सापडल्या, कारण तिथे नर्स चूक लपवत नव्हत्या. साहेबांना हे पटायला दोन महिने लागले, पण त्यांनी तेवढे दोन महिने रजिस्टरवरून कोणाला झापलं नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथे होती. वाईट बातमी मागितली आणि ती खरंच आली की पहिल्या झटक्याला मालक काय करतो, ह्याकडे सगळी शॉप डोळे लावून बसलेली असते.

परचेसच्या काकांचं पण सांगायला हवं, बासष्ट वर्षांचा माणूस, पंचवीस वर्षांत साहेबांना उलटून शब्द नाही. आमच्या प्लेटिंगवाल्याचं (पार्टवर मुलामा चढवून देणाऱ्याचं) बिल आम्ही नव्वद-नव्वद दिवस लटकवायचो, कारण आमचा कस्टमर आम्हाला लटकवतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हे आधीपासून आहे, पण पाळत कोण होतं. मग इन्कम टॅक्समध्ये कलम ४३बी(एच) आलं, २०२३-२४ वर्षापासून, की मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. मी काकांना आकडा काढून दिला, म्हटलं तुम्ही मांडा, तो तुमचा व्हेंडर आहे. काकांनी कागद हातात धरून शनिवारी मांडला, हात थरथरत होते त्यांचे, मला दिसत होतं. शेवटी कागद बाजूला ठेवून म्हणाले, "साहेब, त्याच्या पोराचं लग्न आहे आणि तो मला फोन करून रडतो." प्लेटिंगवाल्याला आता चाळीस दिवसांत जातात. हातात कागद असला की बोलायला बळ येतं हे मी स्वतःवरून सांगते, पण खरं ते काका कागद ठेवल्यावर बोलले.

तर मागच्या शनिवारचं. सेन्सरवाला रविवारी आला, केबल आतून तुटली होती म्हणून तो ट्रिप व्हायचा, दुपारी प्रेस चालू झाली. तरी दोनशे पीस कमी पडणार होते. साहेबांनी सोमवारची वाट बघितली नाही, रविवारी संध्याकाळीच कस्टमरच्या माणसाला स्वतः फोन लावला, स्पीकरवर, दादा समोर बसलेले, आणि म्हणाले सेफ्टीमुळे मी मशीन बंद ठेवली, दोनशे पीस मंगळवारी सकाळी देतो. "मी बंद ठेवली" म्हणाले. दादांचं नाव घेतलं नाही. पलीकडचा पाच मिनिटं बोलला, साहेबांनी ऐकून घेतलं. डेबिट नोट येईल का ते अजून कळलेलं नाही, आली तर माझ्याच टेबलावर येईल.

एक विषय माझ्याकडे अजून आहे. परचेसमधला आहे, घरच्या माणसाशी संबंधित आहे आणि वर्षभर माझ्या मनात आहे. इथे त्याचा तपशील लिहीत नाही कारण तो आधी साहेबांनी ऐकायला हवा. वर्षभर मी स्वतःला सांगत होते की हा कंपनीचा नाही, घरचा प्रश्न आहे. दादांना बघितल्यावर ते कारण आता टिकत नाहीये. बिलं काढून तारखेप्रमाणे लावलीत, फाईल ड्रॉवरमध्ये आहे. परवा शनिवार, आणि वहिनी पण येणार आहेत, म्हणून मी साहेबांना विचारलंय की चारच्या आधी दहा मिनिटं मला एकटीला द्याल का. या म्हणालेत.